संभूयसमुत्थान आणि शाळा : न्यू इंग्लिश स्कूलच्या शिक्षकमंडळाची घटना (इ. स. १८८०–१८९०)

(१)

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचा इतिहास आजपर्यंत अनेकांनीं लिहिला आहे, आणि तो लिहितांना दोन गोष्टींवर बहुतेकांनीं भर दिला आहे. एक, संस्थापकांचा स्वार्थत्याग. व दुसरी, टिळक आणि आगरकर यांचा मतभेद. पहिल्या गोष्टीनें वाचकाचें मन भारून जातें, आणि दुसरीनें तो कोणत्या तरी एका पक्षाला जाऊन मिळतो. या दोहोंच्या गर्दींत एक तिसरी गोष्ट मागें पडली आहे. ती अशी कीं, या मंडळींनीं शाळा चालविण्याची जी रीत बसविली ती महाराष्ट्रांत तत्पूर्वीं रूढ असलेल्या कोणत्याहि रीतीहून निराळी होती. एका शाळेंत अनेक शिक्षक असणें ही नवी गोष्ट नव्हे; सरकारी हायस्कुलांत ते होतेच. परंतु अनेक शिक्षकांनीं मिळून शाळेची जबाबदारी घेणें, काम वांटून घेणें, प्राप्ति वांटून घेणें, आणि आपणांपैकीं एकालाच प्रमुख नेमून त्याच्या हाताखालीं राहणें, ही गोष्ट नवी होती.

ही रीत कोठून आली, ती कशी चालली, आणि दहा वर्षांच्या आंत तिला तडा कां गेला, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. लेखकाचा सर्व जन्म शाळामास्तरकींत गेलेला असल्यामुळें हा विषय त्याला केवळ पुराणवस्तूसारखा वाटत नाहीं, हें आरंभींच कबूल करणें बरें.

(२)

प्रथम जुनी स्थिति पाहूं. इंग्रजी अंमल बसला त्या वेळीं आपल्याकडील गांवठी शाळा म्हणजे एक पंतोजी, त्याची ओसरी किंवा देवळाचा सभामंडप, आणि दहापांच घरचीं मुलें. मुंबई इलाख्यांत सरकारनें इ. स. १८२४ च्या सुमारास व पुन्हां १८२९ मध्यें अशा शाळांची जी मोजदाद करविली, तींत सुमारें १७०० शाळा आणि ३५ हजार विद्यार्थी आढळले. म्हणजे दर शाळेस सरासरी वीस मुलें पडतात. एवढ्या मुलांस एक पंतोजी पुरे, असें कागदावर दिसतें. पण तीं वीस मुलें एका इयत्तेचीं नसत. एक धूळपाटीवर ओनामा गिरवीत आहे, दुसरा पावकी-निमकी म्हणत आहे, तिसरा मोडी वळण घटवीत आहे, आणि चौथ्याला जमाखर्चाची आंकडेमोड पाहिजे आहे. असे चार वर्ग एकाच ओसरीवर एका माणसाला चालवावे लागत.

यावर पंतोजीनें काढलेला उपाय आपल्या सर्वांच्या आजोबांस ठाऊक होता. वडील मुलानें धाकट्याला सांगावें. परवचा म्हणतांना एकानें पुढें म्हणावें व बाकीच्यांनीं मागून म्हणावें. धाकट्याचा कित्ता थोरल्यानें तपासावा. पंतोजी फक्त नजर ठेवी, आणि शेवटीं ज्याचा त्याचा पाठ घेई. या व्यवस्थेला कोणी नांव दिलें नव्हतें, कारण ती व्यवस्था आहे असेंच कोणाला वाटत नव्हतें. गरजेपोटीं आलेली ती एक संवय होती.

(३)

या संवयीला नांव मिळालें तें मद्रासेंत. डॉ. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री इ. स. १७८९ मध्यें मद्रासजवळच्या एग्मोर येथील लष्करी अनाथगृहाचा व्यवस्थापक झाला. तेथें युरोपीय शिपायांचीं मुलें असत. एके ठिकाणीं देशी मुलें वाळूंत बोटानें अक्षरें गिरवितांना त्यानें पाहिलीं, आणि ती रीत आपल्या शाळेंत आणण्याचें ठरविलें. त्याच्या पगारी मास्तरांस ती रुचली नाहीं. तेव्हां त्यानें फ्रिस्किन नांवाच्या सुमारें आठ वर्षांच्या हुषार मुलाच्या हातीं अक्षरओळखीचा वर्ग दिला, आणि जें मास्तरांकडून होईना तें त्या मुलानें करून दाखविलें. पुढें हीच पद्धति त्यानें सर्व शाळेला लाविली, १७९६ मध्यें तो स्वदेशीं परतला, आणि १७९७ मध्यें लंडनास आपल्या प्रयोगाची हकीकत छापून प्रसिद्ध केली. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर यानेंहि लंडनच्या बरो रोडवर अशाच तत्त्वावर शाळा चालविली. एक मास्तर, त्याच्या हाताखालीं वर्गनायक मुलें, आणि त्यांच्या हाताखालीं शेंकडो विद्यार्थी, अशी ती रचना होती.

इंग्लंडांत या दोघांच्या अनुयायांत मोठा वाद माजला आणि पद्धतीचा जनक कोण यावर पुष्कळ शाई खर्च झाली. आपणांस त्यांत पडण्याचें कारण नाहीं. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. जी संवय आपल्या पंतोजीच्या ओसरीवर बिनबोभाट चालली होती, ती विलायतेंत जाऊन शास्त्र झाली, आणि शास्त्र होऊन पुन्हां आपल्याकडे आली. इ. स. १८१५ मध्यें मुंबईंत स्थापन झालेल्या एज्युकेशन सोसायटीच्या शाळांत बेलची पद्धति होती. पुढें देशी मुलांच्या शिक्षणासाठीं जी निराळी मंडळी निघाली, जिचें १८२७ मध्यें बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी असें नामकरण झालें, तिनेंहि आपल्या आरंभींच्या योजनेंत लँकेस्टरच्या पद्धतीची शिफारस केली होती. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या खटपटीनें या मंडळीच्या शाळांस पुस्तकें व मास्तर मिळूं लागले, ही गोष्ट मराठी गद्याच्या अभ्यासकांस परिचित आहेच.

या पद्धतीचा गुण एकच, पण तो मोठा होता: ती स्वस्त होती. तिचा दोषहि त्यांतच होता. वर्गनायक जेवढें जाणे तेवढेंच तो शिकवी. अक्षरें, पाढे, पाठांतर येथपर्यंत तें निभावलें. अर्थ सांगण्याचा प्रसंग आला कीं तें थांबलें. इंग्लंडांत इ. स. १८४६ पासून वर्गनायकाच्या जागीं पगारी उमेदवार-शिक्षक नेमण्याची पद्धति सुरू झाली, आणि बेल-लँकेस्टर यांचा जमाना हळूहळू संपला. आपल्याकडेहि मोठ्या शाळांत प्रत्येक वर्गास स्वतंत्र मास्तर आला. परंतु मास्तर अनेक झाले म्हणून मास्तरांचें मंडळ झालें, असें मात्र नाहीं. सरकारी हायस्कुलांत हेडमास्तर वरून नेमलेला, असिस्टंट खालून चढणारा, आणि दोघांची बदली तिसऱ्याच्या हातीं. एका छपराखालीं दहा माणसें शिकवीत, पण दहाजण मिळून शिकवीत नसत.

(४)

येथें थोडें विषयांतर करण्याची परवानगी वाचकांनीं द्यावी. अनेकांनीं एकत्र येऊन एक काम उठविणें, या गोष्टीचा आपल्या धर्मशास्त्रांत सांगोपांग विचार झालेला आहे. अठरा व्यवहारपदांपैकीं एकाचें नांवच 'संभूयसमुत्थान' असें आहे. त्यांत भागीदार व्यापारी येतात. आणि याज्ञवल्क्यानें तोच नियम ऋत्विज, शेतकरी व कारागीर यांनाहि लागू केला आहे. पैकीं ऋत्विजांचें उदाहरण शाळेस फार जवळचें आहे, कारण तेंहि विद्वानांच्या सहकार्याचें आहे.

सोमयागांत सोळा ऋत्विज असतात. होता, अध्वर्यु, उद्गाता व ब्रह्मा हे चार मुख्य, आणि प्रत्येकाचे तीन सहायक. प्रत्येकाचें काम ठरलेलें. होत्यानें ऋचा म्हणाव्या, अध्वर्यूनें प्रत्यक्ष कर्म करावें, उद्गात्यानें साम गावें. ब्रह्म्याचें काम सर्वांत चमत्कारिक: त्यानें बहुतेक वेळ स्वस्थ बसून सर्वांकडे लक्ष ठेवावें, आणि कोणाची चूक झाली तर प्रायश्चित्त सांगून ती सुधारावी. म्हणून ब्रह्म्याला तिघांचीहि विद्या यावी लागते. चांगल्या हेडमास्तराचें याहून नेमकें वर्णन माझ्या पाहण्यांत नाहीं.

दक्षिणेची वांटणीहि ठरलेली आहे. चार मुख्यांस पूर्ण वांटा. त्यांच्या पहिल्या सहायकांस त्याचा अर्धा, दुसऱ्यांस तृतीयांश, आणि तिसऱ्यांस चतुर्थांश. शंभर गाई असल्या तर प्रत्येक मुख्यास बारा, आणि पुढें अनुक्रमें सहा, चार व तीन. म्हणजे अठ्ठेचाळीस, चोवीस, सोळा व बारा मिळून बरोबर शंभर. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत आणखी एक प्रश्न घेतला आहे. एखादा ऋत्विज काम अर्धवट टाकून गेला तर काय करावें? उत्तर असें कीं, त्यानें जेवढें काम केलें असेल त्या मानानें सहकाऱ्यांनीं त्याला अंश द्यावा. दक्षिणा दिल्यानंतर तो गेला असेल तर त्यानें पूर्ण वांटा घ्यावा, पण उरलेलें काम दुसऱ्याकडून पुरें करवावें.

या विवेचनांतून तीन प्रश्न निघतात, आणि कोणत्याहि सहकारी कार्यास ते सुटलेले नाहींत. काम कोणी कोणतें करावें? फळ कसें वांटावें? आणि मध्येंच कोणी निघाला तर काय? न्यू इंग्लिश स्कूलची घटना या तीन कसोट्यांवर लावून पाहूं.

(५)

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं सरकारी नोकरी सोडली, आणि इ. स. १८८० च्या जानेवारीच्या आरंभीं पुण्यांत मोरोबादादांच्या वाड्यांत शाळा उघडली. बरोबर बाळ गंगाधर टिळक व माधवराव नामजोशी होते. त्याच वर्षीं वामन शिवराम आपटे येऊन मिळाले, आणि एम्. ए. होतांच गोपाळ गणेश आगरकर आले. पुढें वासुदेव बाळकृष्ण केळकर, महादेव शिवराम गोळे आणि धारप यांची भर पडली. पहिल्या दिवशींचीं पांचपन्नासहि नसलेलीं मुलें वर्षअखेरीस तीनशेंच्या वर गेलीं, आणि पांच वर्षांच्या आंत संख्या हजारांच्या घरांत पोंचली.

हें यश कशानें आलें? चिपळूणकरांची कीर्ति हें एक कारण खरेंच. पण कीर्तीनें मुलें दाराशीं येतात, वर्गांत टिकत नाहींत. टिकण्याचें कारण कामाच्या वांटणींत आहे. टिळकांकडे गणित व संस्कृत. आपट्यांकडे संस्कृत आणि सर्व शाळेची शिस्त. त्यांचा संस्कृत रचनेवरील इंग्रजी ग्रंथ १८८१ मध्यें निघाला, तो वर्गांतील अनुभवांतूनच निघाला असला पाहिजे हें तो चाळणाऱ्यास दिसून येतें. केळकरांकडे इंग्रजी. आगरकरांकडे इतिहास व तर्क. नामजोशी यांचें कर्तृत्व मुख्यतः वर्गाबाहेरचें: पैसा जमविणें, लोक जोडणें, सरकारदरबारीं खेटे घालणें. आणि या सर्वांत वयानें, कीर्तीनें व लेखणीनें वडील असलेले चिपळूणकर असतांहि शाळेचा कारभार आपट्यांच्या हातीं दिला गेला. ज्याला जें साधतें त्यानें तें करावें, आणि मोठेपणाचा मान व कारभाराचा अधिकार या दोन निराळ्या वस्तु समजाव्या, ही समज ज्या मंडळींत असते ती मंडळी थोडीच.

या घटनेची खरी परीक्षा इ. स. १८८२ मध्यें झाली. त्या वर्षीं १७ मार्च रोजीं चिपळूणकर अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं वारले. चार महिन्यांनीं, जुलईंत, कोल्हापूर प्रकरणीं 'केसरी' व 'मराठा' यांवर झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यांत टिळक आणि आगरकर यांस चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि एकशें एक दिवस ते डोंगरीच्या तुरुंगांत होते. एका वर्षांत संस्थापक गेला, आणि दोन प्रमुख शिक्षक तुरुंगांत गेले. एकट्या पंतोजीची शाळा असती तर ती त्याच दिवशीं मोडली असती. येथें वर्ग चालू राहिले. त्याच वर्षीं शिक्षणाच्या चौकशीसाठीं आलेल्या कमिशनचे अध्यक्ष सर विल्यम हंटर यांनीं शाळा पाहून तिची वाखाणणी केली. तुरुंगांतल्या दोघांचे तास बाहेरच्यांनीं भरून काढले होते, हें त्या वाखाणणींत लिहिलेलें नसलें तरी त्या वाखाणणीचा पाया तोच होता.

(६)

या अनुभवानंतर मंडळींनीं आपल्या रीतीला कायदेशीर रूप दिलें. २४ ऑक्टोबर १८८४ रोजीं सर विल्यम वेडरबर्न यांच्या अध्यक्षतेखालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली, आणि २ जानेवारी १८८५ रोजीं फर्ग्युसन कॉलेज सुरू झालें. आपटे, टिळक, आगरकर, केळकर, गोळे, धारप व नामजोशी असे सात जण पहिले आजीव सभासद झाले. त्यांच्या अटी थोडक्यांत अशा: वीस वर्षें संस्थेची सेवा करावयाची, वेतन दरमहा ७५ रुपये, आणि मागें राहणाऱ्या कुटुंबासाठीं ३००० रुपयांचा आयुर्विमा. संस्थेच्या नियामक मंडळांत बाहेरचे प्रतिष्ठित गृहस्थ होते. परंतु शाळा व कॉलेज यांचा रोजचा कारभार शिकविणारांच्याच हातीं राहिला.

आतां वर सांगितलेल्या तीन कसोट्या लावूं. पहिलीस ही घटना उत्तम उतरली, तें आपण पाहिलेंच. दुसरीच्या बाबतींत या मंडळींनीं शास्त्राचा मार्ग सोडला. यज्ञांत मुख्यास बारा गाई व शेवटल्या सहायकास तीन. येथें प्रिन्सिपॉलास आणि नव्यानें आलेल्या सभासदास मूळ वेतन सारखेंच. याचें कारण उघड आहे. ऋत्विज यज्ञापुरते एकत्र येतात आणि दक्षिणा घेऊन पांगतात. त्यांना एकमेकांच्या वांट्याचा मत्सर करण्यास पुरेसा वेळ मिळत नाहीं. येथें वीस वर्षें एकत्र राहावयाचें होतें. विषमतेनें जें एका सत्रांत साधतें तें वीस वर्षांत साधत नाहीं, हें या तरुणांनीं ओळखलें होतें. जेसुइट पंथाच्या शिक्षकांचा आदर्श त्यांच्यापुढें होता, आणि टिळकांच्या विचारांत तर तो ठळकपणें होता. निर्धन राहून, मिळेल तें सर्व संस्थेस अर्पण करून शिकविणाऱ्यांचा संघ, अशी ती कल्पना होती.

तिसऱ्या कसोटीवर मात्र ही घटना कच्ची ठरली.

(७)

समान वेतन ठरविणें सोपें. समान गरजा ठरविणें कोणाच्याच हातीं नाहीं. कोणाला घरचा थोडाबहुत आधार, कोणाच्या डोक्यावर मोठें कुटुंब, कोणाची प्रकृति क्षीण. तेव्हां वेतन वाढवावें काय, बाहेरून कांहीं मिळवावें काय, आणि शाळेचे तास संपल्यावर उरलेला वेळ कोणाचा, हे प्रश्न १८८६ पासून पुनःपुन्हां निघूं लागले. आगरकरांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ठरलेलें काम चोख झाल्यावर उरलेल्या वेळांत सभासदानें काय करावें हा त्याचा प्रश्न आहे. टिळकांचें म्हणणें असें कीं, सभासदानें आपला सर्व वेळ संस्थेस दिला आहे, म्हणून बाहेरची प्राप्ति आणि बाहेरचीं कामें हीं मूळ कराराशीं विसंगत आहेत.

या वादाला सामाजिक सुधारणेच्या मतभेदाची जोड मिळाली. १८८७ मध्यें आगरकरांनीं 'केसरी' सोडला, आणि १८८८ मध्यें 'सुधारक' काढला. म्हणून पुष्कळांनीं सर्व वाद सुधारणेचाच होता असें ठरवून टाकलें. तें अपुरें आहे. सुधारणेवरून भांडणारीं माणसें एका शाळेंत गणित आणि इतिहास शिकवूं शकतात. तशीं तीं कांहीं वर्षें शिकवीतहि होतीं. जेथें तीं एकत्र राहूं शकलीं नाहींत तें ठिकाण वेळ व प्राप्ति यांच्या हिशेबाचें होतें. १८९० मध्यें गोपाळ कृष्ण गोखले यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद पत्करलें, आणि त्याबरोबर सभेच्या त्रैमासिकाचेंहि काम आलें. टिळकांनीं त्यास हरकत घेतली. बहुमत त्यांच्या बाजूचें राहिलें नाहीं. १४ ऑक्टोबर १८९० रोजीं त्यांनीं राजीनाम्याचा मनोदय कळविला, आणि डिसेंबरांत आपलीं कारणें सविस्तर मांडणारा लांबलचक राजीनामा पाठविला.

न्याय कोणाच्या बाजूस होता? माझें मत विचाराल तर दोन्ही पक्ष मूळ उद्देशाचा आधार घेत होते, आणि दोघांनाहि तो आधार मिळत होता. शाळेच्या दुसऱ्या वर्षापासून याच शिक्षकांनीं शाळेबाहेर 'केसरी' आणि 'मराठा' चालविले होते. तेव्हां बाहेरचें काम निषिद्ध होतें असें म्हणतां येत नाहीं. पण त्याच शिक्षकांनीं सर्वस्व वाहिल्याची भाषा केली होती. तेव्हां वेळ स्वतःचा राहिला होता असेंहि म्हणतां येत नाहीं. दोष माणसांचा कमी आणि घटनेचा अधिक. जोंपर्यंत सर्वांचें मन एक होतें तोंपर्यंत नियम लिहून ठेवण्याची गरज कोणाला भासली नाहीं. आणि गरज भासली तेव्हां मन एक राहिलें नव्हतें. मनूनें यज्ञ सुरू होण्याच्या आधींच सोडून जाणाऱ्याचा वांटा ठरवून ठेवला, तो ऋत्विजांवर अविश्वास दाखविण्यासाठीं नव्हे. भांडण होईल तेव्हां न्याय करणारे सगळेच पक्षकार असतील, हें त्यानें ओळखलें होतें.

(८)

टिळकांसारखा माणूस गेल्यावर संस्था खचावयास पाहिजे होती. ती खचली नाहीं, आणि येथें पुन्हां तिच्या मूळ रचनेचें बळ दिसतें. गणिताचे तास गोखल्यांनीं उचलले. ते मुळांत इंग्रजीचे शिक्षक. पुढें इतिहास आणि अर्थशास्त्र हे विषयहि त्यांनीं शिकविले. एका माणसानें इतके विषय हाताळणें आज आपणांस पोरकटपणाचें वाटेल. पण सहकारी मंडळांत रिकामा पडलेला तास हा कोणाचा तरी तास असतो, आणि तो ज्याला भरतां येतो त्यानें भरावयाचा असतो. १८९१ मध्यें गोखल्यांच्याच बोलावण्यावरून धोंडो केशव कर्वे मुंबईहून आले आणि गणित शिकवूं लागले. ते १९१४ पर्यंत संस्थेंत राहिले, आणि त्यांचें स्त्रीशिक्षणाचें कार्य याच काळांत उभें राहिलें. बाहेरचें काम आणि संस्थेची सेवा हीं एकत्र नांदूं शकतात, याचें कर्व्यांहून मोठें उदाहरण नाहीं. पण तें उदाहरण टिळकांच्या राजीनाम्यानंतरचें आहे, हेंहि विसरतां कामा नये.

आपटे १८९२ मध्यें वारले. त्यांच्या जागीं आगरकर प्रिन्सिपॉल झाले. ते १८९५ मध्यें वारले. त्यानंतर गोळे आले. १९०२ मध्यें गोखले निवृत्त झाले, आणि केंब्रिजचे सीनिअर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे त्याच अल्प वेतनावर आजीव सभासद होऊन प्रिन्सिपॉल झाले. दहा वर्षांत चार प्रमुख आले, आणि प्रत्येक जण मंडळांतलाच होता. पुढें महाराष्ट्रांतील कित्येक शिक्षणसंस्थांनीं आजीव सभासदांची ही पद्धति उचलली, आणि गोखल्यांनीं १९०५ मध्यें स्थापन केलेल्या भारत सेवक समाजांतहि तिचा सांचा स्पष्ट दिसतो.

(९)

अनेक शिक्षकांनीं मिळून एक वर्ग चालवावा, या कल्पनेस अलीकडे नवें नांव मिळालें आहे. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील लेक्सिंग्टन येथें फ्रँक्लिन शाळेंत इ. स. १९५७ मध्यें तिचा पद्धतशीर प्रयोग झाला, आणि तेव्हांपासून शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत तिला स्वतंत्र प्रकरण मिळूं लागलें. आपल्या देशांत सरकारनें १९८७ मध्यें खडूफळा योजना काढून प्रत्येक प्राथमिक शाळेस निदान दोन शिक्षक देण्याचें ठरविलें. आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हें प्रमाण लेखी केलें. बेलच्या वर्गनायकापासून दोन शिक्षकांपर्यंत यावयास आपणांस जवळजवळ दोन शतकें लागलीं.

परंतु दोन शिक्षक म्हणजे मंडळ नव्हे, हें मीं स्वानुभवानें सांगूं शकतों. ज्या शाळेंत मीं नोकरीची उमेदवारी केली तेथें मराठीचे शिक्षक आणि मीं एकाच आठवीच्या वर्गाला संधि व समास शिकवीत होतों. ते मराठीच्या तासास, मी संस्कृतच्या. दोघांचीं उदाहरणें निराळीं, दोघांचीं लक्षणें निराळीं. चार वर्षें मुलें माझ्या वहींत एक उत्तर आणि त्यांच्या वहींत दुसरें उत्तर लिहीत होतीं, आणि आम्हां दोघांनाहि त्याचा पत्ता नव्हता. एका मुलीनें भीतभीत विचारलें कीं, 'सर, खरा बहुव्रीहि कोणता?' तेव्हां मला लाज वाटली. पुढें आम्हीं दर शनिवारीं शाळा सुटल्यावर अर्धा तास एकत्र बसूं लागलों. त्या अर्ध्या तासाची नोंद कोणत्याहि वेळापत्रकांत नव्हती, आणि त्याचें वेतन कोणी दिलें नाहीं. पण माझ्या नोकरींतील अत्यंत फलदायी अर्धा तास तोच, असें मीं आज म्हणतों. तो बंद पडला तो भांडणानें नव्हे. माझ्या सहकाऱ्याची बदली झाली, आणि त्याच्या जागीं आलेल्या गृहस्थांस 'हें माझ्या कामांत येतें काय?' असा प्रश्न पडला. त्यांचा प्रश्न रास्त होता. तो कोठेंच लिहिलेला नव्हता.

१८९० चा प्रश्न आणि हा प्रश्न एकाच जातीचे आहेत. एकत्र काम करण्याची इच्छा माणसांत असते. ती मोरोबादादांच्या वाड्यांत होती, आणि खेड्यांतील दोन मास्तरांच्या शाळेंतहि असते. उणीव असते ती त्या इच्छेचा वेळ, वांटा आणि शेवट आधींच ठरवून ठेवण्याची. टिळक व आगरकर यांच्या वादाचा निकाल आपण आज लावूं शकत नाहीं, आणि लावण्याची गरजहि नाहीं. परंतु त्या वादाच्या आधींचीं दहा वर्षें, ज्यांत सात माणसांनीं एक शाळा सात हातांनीं नव्हे तर एका हातानें चालविली, तीं केवळ त्यागाचीं वर्षें म्हणून पुजण्यापेक्षां घटनेचीं वर्षें म्हणून अभ्यासावीं, एवढीच या लेखकाची विनंति आहे.